मोठी साईज दाखवू का, मॅम?

मी खांद्यात एस आहे, छातीत एल, पोटाशी डबल एक्सएल आणि हातांच्या लांबीत बहुतेक बालविभाग. अशा बाईनं तयार कपड्यांच्या दुकानात पाऊल टाकू नये, हे मलाही पटतं. पण दिवाळीच्या तोंडावर कापड घेऊन शिंप्याकडे गेलं तर तो तुळशीच्या लग्नानंतरचा वायदा करतो. कुठल्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नाचा, ते सांगत नाही. मग जावंच लागतं.

दुकानात कुर्ती फार देखणी दिसते, कारण हँगरला पोट नसतं. बाहुलीच्या अंगावर तर ती आणखी खुलते. पण एकदा त्या बाहुलीच्या मागे जाऊन बघा. जादाचं सगळं कापड पाठीवर गोळा करून टाचण्यांनी आवळलेलं असतं. म्हणजे जी बाई कारखान्यातच बनली, जिनं आयुष्यात एक वडापाव खाल्लेला नाही, तिलासुद्धा ती कुर्ती बसत नाही. हे कळल्यापासून मला त्या बाहुल्यांविषयी जरा आपुलकी वाटायला लागली आहे.

ट्रायल रूममध्ये हुक एकच असतो. त्यावर आपली पर्स, ओढणी, अंगावरून उतरवलेले कपडे आणि आत घेऊन आलेले सगळे हँगर. यातलं काहीतरी खाली पडतंच, आणि ते उचलायला वाकलं की कोपर दाराला लागतं. मग बाहेरची रांग दार वाजवते. आता कुर्ती. छातीला बसेल अशी एल घेतलेली असते. डोक्यावरून आली, छातीवरून उतरली, हायसं वाटलं. तेवढ्यात लक्षात येतं की खांद्याची शिवण खांद्यावर नाहीच, ती दंडावर घसरून बसली आहे. बाही बोटांच्या पेरांपर्यंत. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेतली खाच, इतका खोल, की हात वर केला की हाताबरोबर अख्खी कुर्तीच वर येते. या कुर्तीत बसचा दांडा धरायचा तर आधी बसमध्ये कोण कोण आहे ते बघून घ्यावं लागेल. आणि सगळ्यात भारी गोष्ट कंबरेची. शिवणाऱ्यानं कंबरेला छान आत घेऊन आकार दिलेला असतो. फक्त त्याच्या मनातली बाई माझ्यापेक्षा वीतभर उंच असते. त्यामुळे तिची कंबर माझ्या कंबरेच्या चार बोटं खाली येते, म्हणजे कापड नेमकं तिथं आत घेतलंय जिथं देवानं मला सढळ हातानं दिलं आहे.

बाहेरून आवाज येतो, "मॅम, मोठी साईज दाखवू का?"

तिचा दोष नाही. घट्ट झालं तर मोठी, सैल झालं तर लहान, एवढंच त्या मुलीला शिकवलेलं असतं. एकाच बाईला एकच कुर्ती एकाच वेळी घट्टही होते आणि सैलही, हा धडा ट्रेनिंगमध्ये नसावा.

हे असं का होतं, ते कपड्यांचे पॅटर्न काढणाऱ्या एका मुलीनं मला समजावून सांगितलं. कपडा आधी एकाच मापाचा बनतो, बहुधा एम. तो एका मॉडेलच्या अंगावर घालून नीट बसवतात. बाकीच्या साईजसाठी कुणाच्या अंगावर वगैरे काही जात नाही. त्या एमलाच सगळीकडून ठरावीक इंच वाढवत किंवा कमी करत न्यायचं. याला ते ग्रेडिंग म्हणतात. छाती वाढवली की खांदाही वाढवायचा, मुंढाही, बाहीची लांबीही. म्हणजे बाई पोटाशी सुटली की तिचे खांदे रुंदावतात आणि हात लांब होतात, असं या मंडळींचं शरीरशास्त्र आहे. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. दोन बाळंतपणांनंतर मी माळ्यावरचे डबे स्टुलाशिवाय काढले असते.

शिवाय तो मूळचा एम तरी कुणाचा? आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं अमेरिकेचे, ब्रिटनचे नाहीतर युरोपातले मापांचे तक्ते घेऊन त्यातच थोडी काटछाट करत आल्या. भारतीय बाईची सरासरी उंची साधारण 152 सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. आणि ऑनलाइन फोटोखाली लिहिलेलं असतं, 'मॉडेलची उंची 5 फूट 8 इंच, तिनं एस घातला आहे.' बाई, घाल गं तू. मला सांग, तुझ्या घोट्यावर आलेली पँट माझ्या टाचेखाली किती फरफटेल?

बरं, ज्यांच्याकडून आपण तक्ते आणले त्यांनी तरी काय दिवे लावले होते? 1939-40 साली अमेरिकेत सरकारनं बायकांची मापं घेतली. कुठल्या खात्यानं? शेतकी खात्यानं! खोटं नाही सांगत. त्या खात्यात गृहशास्त्राचा एक विभाग होता, त्यानं जवळजवळ 15 हजार बायकांची प्रत्येकी 59 मापं टिपून घेतली. गव्हाचा उतारा मोजणाऱ्या खात्याला तेवढी चिकाटी असणारच. त्यातही गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं त्यांनी हिशेबातून वगळली. त्या मापांच्या पायावर 1958 मध्ये सरकारी प्रमाण साईज आल्या आणि 1983 मध्ये गुंडाळूनही टाकल्या, कारण तोवर कंपन्यांनी आपापला मार्ग शोधला होता. गिऱ्हाईक जाड झालं की लेबलावरचा आकडा बारीक करायचा. बाई तेवढीच, कापड तेवढंच, पण साईज दोन घर खाली. बाई खूश होऊन दोन घेऊन जाते. अशा देशाच्या तक्त्यावरून आपण आपली कुर्ती कापत होतो. त्यांच्याकडे कुर्ती नसते ही बाब वेगळीच.

आपल्या सरकारनंही हे मनावर घेतलं. 2018 मध्ये 'इंडिया साईज' नावाचा प्रकल्प जाहीर झाला. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि 'निफ्ट' ही फॅशनचं शिक्षण देणारी संस्था, दोघांचा मिळून. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग अशी सहा शहरं, 15 ते 65 वयाचे 25 हजार स्त्री-पुरुष, आणि मापं टेपनं नव्हे तर थ्रीडी स्कॅनरनं. यंत्रासमोर उभं राहायचं, अंगाला हात न लावता ते सगळी मापं काढतं. हे वाचून मला मनापासून आनंद झाला, आणि लगेच काळजीही वाटली. भारतीय बाई कुठल्याही मापासमोर उभी राहिली की पोट आत घेते. शिंप्याची टेप कंबरेला लागली रे लागली की आमचा श्वास बंद. मग ब्लाउज आवळ झालं की 'मेल्यानं माप चुकवलं' म्हणायला आम्ही मोकळ्या. अनुभवी शिंपी म्हणूनच टेप लावता लावता विचारतो, "ताई, परवा पाऊस काय पडला हो तुमच्याकडे?" आपण बोलायला तोंड उघडतो, पोट सुटतं आणि तो आकडा टिपून घेतो. स्कॅनरला पावसापाण्याच्या गप्पा मारता येतात का, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. येत नसतील तर पुढची कित्येक वर्षं या देशातल्या बायका श्वास रोखून हिंडणार आहेत.

2023 मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून या साईज 'लवकरच' येतील असं ऐकल्याचं आठवतं. शिंपीही तेच म्हणतो, त्यामुळे या शब्दाची मला सवय आहे. माझ्या कपाटातल्या एकाही लेबलावर 'इंडिया साईज' अजून उगवलेली नाही.

तोवर आमचा आधार अल्टरवाले काका. जिन्याखाली एक मशीन, एक बल्ब आणि पुढ्यात आमच्यासारख्यांच्या पिशव्या. मी कुर्ती पुढे करते. काका ती उलटी करून शिवण बघतात आणि चेहरा पाडतात. घरच्या शिवणात आत चांगली बोटभर माया ठेवलेली असते. पुढे अंग भरलं तर उसवायचं, टीप बाहेर घ्यायची, झालं. माझ्या लग्नातली ब्लाउजं या एका मायेवर बरीच वर्षं निघाली. तयार कपड्यात कंपनी ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या टिपेच्या, काठाशी कापड संपवते. आत घालता येतं, बाहेर काढता येत नाही. म्हणून मोठं घ्यायचं आणि आत घालायचं, हा आमचा धोपटमार्ग. पण खांद्याचं काम निघालं की काका हात टेकतात. "खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा कापा, बाही परत बसवा. त्यापेक्षा ताई, कापड आणा, नवीनच शिवू." कधी? तुळशीच्या लग्नानंतर.

बिनबाह्यांच्या कुर्त्या मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात. बाह्यांचे तुकडे आतल्या बाजूला टाचून दिलेले असतात, म्हणजे कंपनीच कबूल करते की बाई, हात तुझे, तूच बघ. आणि सलवारची नाडी! कुठल्याही मंत्रालयाच्या मदतीशिवाय ती 26 पासून 46 कंबरेपर्यंत सगळ्यांना बसते.

ऑनलाइन मागवलं तर माप चुकल्यावर परत पाठवता येतं, असं सगळे सांगतात. येतं ना. फक्त तिथं कारण निवडावं लागतं. 'साईज लहान आहे' किंवा 'साईज मोठी आहे.' दोन्हींवर एकदम खूण करता येत नाही. मी 'इतर' निवडलं आणि खाली सविस्तर लिहिलं : छातीत लहान, खांद्यात मोठी, कंबर चुकीच्या मजल्यावर. कंपनीनं फार तत्परतेनं तीच कुर्ती एक साईज मोठी पाठवून दिली.

आमच्या घरातल्या पुरुषाचं बघा. त्याच्या पँटवर सरळ लिहिलेलं असतं, 34-30. कंबर 34 इंच, पायाची लांबी 30. दुकानात जातो, आकडा सांगतो, पैसे देतो, बाहेर येऊन माझी वाट बघत भेळ खातो. त्याच्या पोटाविषयी कुणी काही मत देत नाही, नुसतं मोजतात. आणि आम्हाला स्मॉल, मीडियम, लार्ज! ही काय मापं झाली? हे तर शेरे झाले. एका दुकानात मी मीडियम, रस्ता ओलांडला की एक्सएल. रस्त्यात मी काही खाल्लेलंही नसतं.

तर माझं साधं म्हणणं असं, की भारतीय साईज येईल तेव्हा येईल. शिलाँगची आणि दिल्लीची बाई एकत्र मिसळून जी सरासरी बाई निघेल, तिलाही ती नीट बसो. पण तोवर लेबलावर ती अक्षरं नकोत, सरळ चार आकडे छापा. छाती इतकी, कंबर इतकी, सीट इतकी, खांदा इतका, सगळं इंचात. उंचीला आखूड आणि लांब असे दोन प्रकार ठेवा. मग आम्ही घरूनच टेप लावून येऊ, आणि त्या एका हुकाशी भांडायची वेळ येणार नाही.

ही कल्पना मी मोठ्या उत्साहानं मावशीला सांगितली. मावशीनं पूर्ण ऐकून घेतलं.

"चांगलं आहे की," ती म्हणाली. "छापू देत चार आकडे. पण पहिल्या धुण्यात जाईल अशा शाईनं छापा म्हणावं. आमची वाळत घालायची दोरी रस्त्याच्या बाजूला आहे."