जोडशब्द झाला म्हणून अर्थ एक होत नाही

नमस्कार ताई,

‘निंदा, नालस्ती, बदनामी, अब्रूनुकसानी, सगळ्यांचा अर्थ एकच. निंदानालस्ती असा जोडशब्दच आहे, मग उगाच कीस कशाला पाडता?’ असं तुम्ही या शब्दांतला फरक सांगणारा माझा लेख वाचून लिहिलंत. शिवाय, बदनामी खऱ्या गोष्टीनेही होते, हेही सुनावलंत. ते मान्य. बदनामी नेहमी खोट्यावर उभी असते, असं मी लिहिलं होतं ते चुकलंच. पोराने खरोखर पैसे खाल्ले तरी घराण्याची बदनामी होतेच.

बाकीचं मात्र पटत नाही. मीठभाकर हाही जोडशब्द आहे, पण मिठाला कोणी भाकरी म्हणत नाही. निंदा खरी असू शकते, तोंडावरही करता येते. म्हणून तर निंदकाचं घर असावं शेजारी. नालस्ती करणारा शेजारी कोणी मागितल्याचं ऐकलंय का? ती पाठीमागे चालते आणि माणसाला खाली ओढायलाच केलेली असते.

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर एका सकाळी कागद लागला: ‘रंगकामाचे पैसे गेले कुठे?’ नाव नव्हतं, पण हिशेब एकाच गृहस्थांकडे होता. आधीचे आठ दिवस जिन्यात जी कुजबुज चालली होती, ती नालस्ती. कागद वाचून दूधवाल्यानेही त्यांना हटकलं, तेव्हा झाली ती बदनामी. पुढे सगळ्या पावत्या जुळल्या. तरी ते संध्याकाळी कट्ट्यावर यायचे, ते बंदच झाले.

अब्रूनुकसानी तर कायद्याचा शब्द. 1882 चं कोल्हापूर प्रकरण आठवा. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आरोप छापले गेले, ज्या पत्रांचा आधार होता, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांना 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पत्रं खरी समजून, कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचे हाल थांबावेत म्हणून त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी बर्व्यांची नालस्ती केली, असं मी कधीच म्हणणार नाही. खटला मात्र अब्रूनुकसानीचाच झाला. आजही भारतीय न्याय संहितेतलं अब्रूनुकसानीचं कलम 356 (पूर्वी भारतीय दंड संहितेतलं 499) मनात द्वेष होता का, एवढंच पाहत नाही. आपल्या शब्दांनी समोरच्याची अब्रू जाईल हे ठाऊक असलं, तरी व्याख्येला पुरतं. अपवाद त्यानंतर येतात.

मूळ लेखातलं बदनामीचं वाक्य आजच दुरुस्त करते. पण आमच्या त्या गृहस्थांची नुसती ‘निंदा झाली’ असं लिहायला माझा हात धजत नाही.