क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणजे सीझन संपला?

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्या तरी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, लंगडत मैदानाबाहेर गेलेला असतो आणि दोन तासांत हा मजकूर हजर होतो. दर वर्षी शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. नोव्हेंबरात पहिला क्वार्टरबॅक गेला की सीझन गेला. ओहायो स्टेटचं 2014 तेवढं अपवाद, तो चमत्कार होता. फ्लोरिडा स्टेटचं 2023 बघा, बॅकअपला, म्हणजे राखीव क्वार्टरबॅकला, घेऊन गेले आणि 63-3 ने मार खाऊन आले. बॅकअप खरंच चांगला असता तर आधीच खेळला नसता का? आता तर ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीमुळे, बाकावर कुणी उरतच नाही. आणि शेवटी शहाणपणाचा सल्ला: तिकिटं विकून टाका.

तिकिटं विकायची तर खुशाल विका, पण त्यासाठी दिलेली कारणं एकेक करून तपासली तर फारशी टिकत नाहीत.

ओहायो स्टेटचा चमत्कार

ही गोष्ट सगळे शेवटाकडून सांगतात. खरं तर ती ऑगस्टपासून सांगायला हवी.

2014 चा सीझन सुरू व्हायला दोन आठवडे नव्हते तेव्हा ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला. त्याच्या जागी जे. टी. बॅरेट आला. तोवर कॉलेजचा एकही सामना न खेळलेला रेडशर्ट फ्रेशमन, म्हणजे पहिलं वर्ष न खेळवता राखून ठेवलेला नवखा खेळाडू. 6 सप्टेंबरला घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेकने 35-21 ने हरवलं. बॅरेटला सात वेळा सॅक केलं (पास टाकण्याआधीच पाडलं), त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. हा मजकूर त्या रात्रीही फिरला असणार. त्या सीझनमध्ये त्यानंतर बॅरेट एकही सामना हरला नाही. पेन स्टेटमध्ये दुखऱ्या गुडघ्याने दोन ओव्हरटाइम खेळून जिंकला, मिशिगन स्टेटला त्यांच्या मैदानावर 49-37 ने हरवलं. हाइझमनच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तो पाचवा आला. म्हणजे ओहायो स्टेटचा पहिला बॅकअप इतका यशस्वी झाला की तो बॅकअप होता हेच लोक विसरले आणि चमत्काराचा हिशेब दुसऱ्या बॅकअपपासून सुरू झाला.

29 नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध बॅरेटचा घोटा मोडला. आला कार्डेल जोन्स. त्याने तोवर एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. आठवड्याने इंडियानापोलिसला बिग टेन या परिषदेच्या (विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन समोर होतं आणि सट्टाबाजारात विस्कॉन्सिनचं पारडं जड होतं. निकाल 59-0. जोन्सने 17 पैकी 12 पास पूर्ण केले, 257 यार्ड मिळवले. तीन टचडाउन पास टाकले, तिन्ही डेव्हिन स्मिथला. मग 1 जानेवारीला शुगर बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, अलाबामा 42-35, आणि 12 जानेवारी 2015 ला टेक्ससमध्ये ओरेगन 42-20. राष्ट्रीय विजेतेपद.

आता यात चमत्कार कुठे आहे ते शोधू. 59-0 मधलं शून्य जोन्सने मिळवलेलं नाही. त्या वर्षी देशात सर्वाधिक यार्ड धावलेला विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन त्या रात्री 76 यार्डांवर अडवला गेला, तो बचावफळीने. त्या तीन सामन्यांत रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) इझिकिएल इलियट अनुक्रमे 220, 230 आणि 246 यार्ड धावला. एकूण 696. ओरेगनविरुद्ध ओहायो स्टेटने चार वेळा चेंडू गमावला, तरी बावीस गुणांनी जिंकले. चार वेळा चेंडू गमावून फायनल जिंकणाऱ्या संघाला सावरून धरणारं क्वार्टरबॅकखेरीज बरंच काही असतं.

ते 'बरंच काही' सप्टेंबरात नव्हतं, आणि या मजकुरात नेमका हाच मुद्दा सुटतो. व्हर्जिनिया टेकच्या वेळी ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या आणि धावणाऱ्याला वाट करून देणाऱ्या फळीत, पाचांपैकी फक्त टेलर डेकर जुना होता, तोही नव्या जागेवर खेळत होता. डिसेंबरपर्यंत तीच पाच पोरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तीन महिने खेळली होती. डॅरन ली हा रेडशर्ट फ्रेशमन लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू. वर्षाच्या सुरुवातीला त्याचं नाव ओहायो स्टेटच्या कोलंबसबाहेर कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मिशिगनविरुद्ध फम्बल (हातून निसटलेला चेंडू) उचलून त्याने टचडाउन केला आणि शुगर बोलमध्ये बचावातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जेलिन मार्शल, एली ॲपल हेही त्याच वयाचे. सीझनच्या उत्तरार्धात वर येणारे राखीव खेळाडू म्हणतात ते हे. सगळ्यांचं लक्ष क्वार्टरबॅकवर असल्यामुळे ते दिसत नाहीत, एवढंच.

आणि जोन्स? मिलर पडला त्या दिवसापासून तो दुसऱ्या क्रमांकावर होता. साडेतीन महिने दुसऱ्या तुकडीबरोबर तोच सराव करत होता. त्याचा हात बॅरेटपेक्षा ताकदवान, म्हणून आक्रमणाचा समन्वयक टॉम हर्मन याने त्याच्याकडून लांबचे पास जास्त टाकून घेतले. पद्धत तीच ठेवली, भर बदलला. याला मी चमत्कार म्हणणार नाही, कोचिंग म्हणेन.

63-3

हा आकडा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

18 नोव्हेंबर 2023 ला फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या गंभीर दुखापतीने गेला. पुढच्या सामन्यात टेट रोडमेकर खेळला आणि फ्लोरिडाला त्यांच्या मैदानावर 24-15 ने हरवलं. त्यात त्याच्या डोक्याला मार बसला. मग एसीसी या फ्लोरिडा स्टेटच्या परिषदेच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या क्रमांकाचा फ्रेशमन ब्रॉक ग्लेन उतरला. त्याचे आकडे केविलवाणे होते: 21 पैकी 8 पास, 55 यार्ड. तरी लुइव्हिलवर 16-6 ने विजय. बचावाने सहाच गुण दिले आणि लॉरेन्स टोफिली नावाचा दुसऱ्या फळीतला रनिंग बॅक शंभराहून अधिक यार्ड धावला. एरवी बाकावरून येणारा हा खेळाडू सामन्याचा मानकरी ठरला. संघ 13-0.

म्हणजे पहिला क्वार्टरबॅक गेल्यावर दोन वेगवेगळ्या बॅकअपना घेऊन हा संघ दोन्ही सामने जिंकला. मैदानावर सीझन संपलाच नव्हता. तो संपवला निवड समितीने, एका खोलीत बसून. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये जागा चार होत्या आणि फ्लोरिडा स्टेटला पाचव्या क्रमांकावर ठेवलं. प्रमुख खेळाडू उपलब्ध नसणं लक्षात घ्यावं असं समितीच्या नियमांतच लिहिलेलं आहे, त्यामुळे तो निर्णय बेकायदा नव्हता. अन्याय्य होता का यावर मी अजूनही कुणाशीही भांडायला तयार आहे. पाच मोठ्या परिषदांपैकी एकीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ.

आणि ते 63-3? तो ऑरेंज बोल हा प्लेऑफबाहेरचा सामना जॉर्जियाविरुद्ध या निर्णयानंतर झाला. तोवर कीऑन कोलमन, ट्रे बेन्सन, जॅरेड व्हर्स यांच्यासारख्यांनी पुढच्या व्यावसायिक कारकिर्दीचा विचार करून खेळायचं नाही असं ठरवलं होतं. रोडमेकर पोर्टलमध्ये गेला होता. अर्धा संघच मैदानावर नव्हता. एका ग्लेनच्या माथी तो निकाल मारायचा म्हणजे बाकी सगळे घरी बसले होते हे लपवायचं. 63-3 वरून काही सिद्ध होत असेल तर इतकंच, की लाइन, धावणारे आणि बचाव काढून घेतले तर कुठलाच क्वार्टरबॅक वाचवू शकत नाही. ते मला मान्य आहे.

'चांगला असता तर आधीच खेळला असता'

हा मुद्दा ऐकायला तर्कशुद्ध वाटतो आणि क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना तर पटकन पटतो. पण क्रिकेटमधला राखीव खेळाडू रणजी खेळतो, अ संघाकडून दौरे करतो. पालघरचा शार्दूल ठाकूर 2021 च्या जानेवारीत गाबाला उतरला तेव्हा तो कसोटी क्रिकेट फारसं खेळलेला नव्हता, पण प्रथम श्रेणीचे कितीतरी सामने गाठीशी होते. कॉलेज फुटबॉलमधल्या बॅकअप क्वार्टरबॅकला दुसरीकडे कुठेच सामना मिळत नाही. सीझनमध्ये सरावाला आठवड्याचे जास्तीत जास्त वीस तास, त्यातला मोठा वाटा पहिल्या तुकडीला. प्रत्यक्ष सामना मिळतो तो निकाल लागून गेल्यावर, चौथ्या क्वार्टरमध्ये, निम्मे प्रेक्षक पार्किंगकडे निघालेले असताना. बाहेरून बघणाऱ्याला त्याची पारख होणार कशी? 'आधी खेळला नाही' याचा अर्थ 'आपण पाहिला नाही' एवढाच.

अलाबामाचा तुआ टॅगोवायलोआ 2017 मध्ये अशाच संपलेल्या सामन्यांत खेळायचा. 8 जानेवारी 2018 च्या फायनलमध्ये मध्यंतराला संघ जॉर्जियाविरुद्ध 13-0 ने मागे होता. निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून या फ्रेशमनला उतरवलं. लाइनमधला लेफ्ट टॅकल जोना विल्यम्स जायबंदी झाला, त्याच्या जागी ॲलेक्स लेदरवूड हाही फ्रेशमन. नाजी हॅरिस, तोही फ्रेशमन, शेवटी शेवटी धावायला. ओव्हरटाइममध्ये दुसऱ्या प्रयत्नाला 26 यार्ड हवे असताना तुआने डेव्हॉन्टा स्मिथला 41 यार्डांचा पास टाकला आणि 26-23. पास झेलणारा स्मिथसुद्धा फ्रेशमनच. हर्ट्स वाईट होता म्हणून बसला का? मुळीच नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच अटलांटाच्या मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध तुआ जायबंदी झाला, बाकावरून हर्ट्स उठला आणि 35-28 ने सामना काढून दिला.

जॉर्जियाचा स्टेटसन बेनेट तर शिष्यवृत्तीशिवाय आलेला वॉक-ऑन. 2021 मध्ये जे. टी. डॅनियल्स दुखापतीत अडकला म्हणून त्याला जागा मिळाली आणि तो लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन गेला.

पोर्टल

इथे मजकुरात दम आहे. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. 2021 पासून एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसायची अट गेली, आणि पुढे ती मोकळीक वाढतच गेली. दोन वर्षं वाट बघणारा चांगला बॅकअप आता क्वचितच थांबतो. जोन्ससारखा मुळात तिसऱ्या क्रमांकाचा पोरगा आज त्या रोस्टरवर असता का, ही शंका रास्त आहे.

पण 'कुणी उरतच नाही' हे अति झालं. 2018 मध्येच असाही नियम आला की चार सामन्यांपर्यंत खेळूनसुद्धा रेडशर्टचं वर्ष शाबूत राहतं, म्हणजे खेळण्याचं वर्ष खर्ची पडत नाही, त्यामुळे नोव्हेंबरात फ्रेशमनना उतरवून बघायला कोच मोकळे झाले. आणि काही जण थांबतातही. जॉर्जियाचा गनर स्टॉक्टन 2022 पासून थांबला होता. 7 डिसेंबर 2024 ला टेक्ससविरुद्ध एसईसी या जॉर्जियाच्या परिषदेच्या फायनलमध्ये कार्सन बेकचं कोपर गेलं, स्टॉक्टन आला आणि ओव्हरटाइममध्ये 22-19 ने जिंकले.

पुढे प्लेऑफमध्ये नोटर डेमने त्यांना 23-10 ने हरवलं, आणि मजकूरवाले लगेच ते उदाहरण घेऊन आले. स्टॉक्टनने त्या सामन्यात 234 यार्डांचे पास पूर्ण केले. मध्यंतराच्या आधी त्याच्या हातून चेंडू निसटला, त्यावरून टचडाउन झाला, ती चूक त्याच्या खात्यावर लिहा. पण मध्यंतरानंतरचा पहिलाच किकऑफ नोटर डेमने थेट टचडाउनपर्यंत परतवला तेव्हा स्टॉक्टन बाजूला उभा होता, आणि जॉर्जियाचे धावणारे दिवसभरात जेमतेम साठेक यार्ड गेले. जोन्सच्या पाठीशी इलियट होता. स्टॉक्टनच्या पाठीशी त्या दिवशी कुणी नव्हतं. नोव्हेंबरात क्वार्टरबॅक पडला की मी म्हणूनच आधी बॅकअपचं नाव शोधत नाही. गेल्या तीन सामन्यांत लाइन तीच होती का आणि संघ धावून किती यार्ड काढतोय, ते बघतो.

मजकुरात नसलेला मुद्दा

या मजकुराला उलटं उत्तर देणारेही असतात: बॅकअप चमकला, आता पुढच्या वर्षी दोन-दोन क्वार्टरबॅक, चिंता मिटली. तेही खरं नाही. 2015 मध्ये ओहायो स्टेटकडे जोन्स आणि बॅरेट दोघेही होते. सुरुवात जोन्सने केली, मध्येच बॅरेट आला, आक्रमणाला लय सापडलीच नाही. हर्मन ह्यूस्टनला मुख्य कोच म्हणून निघून गेला होता, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. 23 सामने सलग जिंकून हा संघ 21 नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगन स्टेटसमोर उभा राहिला. पावसात इलियटला फक्त बारा वेळा चेंडू दिला आणि अख्ख्या सामन्यात 132 यार्ड काढले. शेवटच्या क्षणी 41 यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलने मिशिगन स्टेट 17-14 ने जिंकलं. त्यांचा पहिला क्वार्टरबॅक कॉनर कुक खांद्याच्या दुखापतीने खेळतच नव्हता. टायलर ओ'कॉनर आणि डेमियन टेरी या दोन बॅकअपनी आलटूनपालटून तो सामना चालवला. पुढे मिशिगन स्टेट बिग टेन जिंकून प्लेऑफलाही गेलं.