शिंपल्यांचं दुकान आणि रॉकेलचे डबे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, कमेंट वाचली, मोठी आहे म्हणून उत्तरही ऐसपैस देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तेलवाल्या शेल कंपनीचं मूळ शिंपल्यांच्या दुकानात आहे ही व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड छाप गोष्ट, खरा खेळ भांडवलाचा आणि इंग्रजी सत्तेचा, आणि असलं काहीबाही लिहून मी पोरांना उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय.

'गॅरेजात सुरू झालेली कंपनी' छाप गोष्टींबद्दल बोलला असतात तर मी तुमच्याच बाजूनं उभा राहिलो असतो. अ‍ॅपलचं गॅरेज घ्या, कंपनीचा सहसंस्थापक वॉझनियाक खुद्द सांगून बसलाय की ती बरीचशी दंतकथा आहे, डिझाइन वगैरे तिथं झालंच नाही. पण शेलचं तसं नाही हो. शेल उभी करणाऱ्या मार्कस सॅम्युअलच्या बापाचं लंडनमध्ये दुकान, पूर्वेकडून आलेले शिंपले आणि शोभेच्या वस्तू विकायचा, आणि त्या धंद्यापायी तिकडच्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांशी घसट झालेली. पोरांनी पुढे रशियन साम्राज्यातल्या बाकूचं रॉकेल विकायला काढलं तेव्हा हीच माणसं कामी आली. म्हणजे शिंपल्यात पैसा किती सुटला हे सोडून द्या, गिऱ्हाइकापर्यंत जायची वाट तिथून मिळाली एवढंच मी म्हणतोय.

इंग्रजी सत्तेचा फायदा झालाच, कोण नाही म्हणतंय? पण त्या छत्राखाली लंडनचे इतर व्यापारीही होतेच की. सॅम्युअलनं काय केलं, तर सुएझ कालव्यातून तेलाची जहाजं सोडत नव्हते, आगीची भीती, म्हणून कालवा कंपनीच्या अटींत बसेल असा टँकर बांधून घेतला आणि १८९२ मध्ये तो तिथून पार केला. नाव म्युरेक्स, तेही एका शंखाचंच. अमेरिकेतले प्रतिस्पर्धी स्टँडर्ड ऑइलवाले डबे खोक्यांत भरून पाठवायचे, हा सुट्टं तेल आणणार, म्हणजे स्वस्त पडणार, आणि तरी पूर्वेकडे माल उठेना!

का? तर लोकांना तेलाबरोबर डबाही हवा होता. सॅम्युअलला वाटलेलं की लोक आपापली भांडी घेऊन येतील. चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं ना, रिकामा रॉकेलचा डबा आपल्याकडे कधी कुणी टाकून दिलाय का, पाणी भरा, तुळस लावा, नाहीतर कापून सरळ करून झोपडीवर पत्रा म्हणून ठोका. शेवटी त्यानं पत्रा पाठवून तिकडेच डबे बनवायला घेतले, स्टँडर्डचे निळे तर याचे लालभडक. माझ्या मते सगळ्या कहाणीत हाच भाग सगळ्यात भारी आहे आणि तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

'परदेशी कंपन्यांचं आपल्याला काय' हा तुमचा शेवटचा टोला. अहो, मुंबईत चेंबूरजवळच्या माहूलची रिफायनरी कुणाची होती? बर्मा शेलची, म्हणजे याच शेलची भागीदारी असलेल्या कंपनीची, १९५५ पासून. १९७६ ला सरकारनं ताब्यात घेतली, तीच आजची भारत पेट्रोलियम. चेंबूरकरांना त्या वासाचं मूळ परदेशी की देशी यानं काय फरक पडतो ते त्यांनाच विचारा.

आणि हो, पार्लेवर लिहा म्हणालात, लिहितो. फक्त तिथंही १९२९ ला सुरुवात गोळ्या-चॉकलेटांनी झालेली, बिस्किटं दहा वर्षांनी आली, तेव्हा पुन्हा हेच पुराण ऐकायची तयारी ठेवा.