सोन्यात पैसे कसे गुंतवावेत (आणि गुंतलेलेच कसे ठेवावेत)

सोन्या-चांदीत गुंतवणूक करायची तर आधी वेळ साधायला शिका. भाव शांत असताना बाजारात फिरकू नका. तेव्हा सराफ मोकळा असतो, नीट वजन करून दाखवतो, घडणावळीत, म्हणजे दागिना घडवायच्या मजुरीत, चार पैसे सोडतोसुद्धा. असल्या दिवसांत खरेदी केली तर चारचौघांत सांगणार काय? थोडी वाट बघा. एप्रिल २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं, तशी बातमी पहिल्या पानावर आली की घराबाहेर पडा. मेहुणा, रिक्षावाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी असे तिघेही ‘अजून वर जाणार’ म्हणायला लागले, की मुहूर्त लागला. वर गुरुपुष्यामृत असेल तर दुधात साखर. त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि गर्दीत माणूस फार प्रश्न विचारत नाही. (तोळा म्हणजे आता दहा ग्रॅम, हे लक्षात असू द्या. पूर्वी तो ११.६६ ग्रॅम भरायचा. भाव वधारला तसा तोळा रोडावला.)

आता घ्यायचं काय? वेढणं (म्हणजे सोन्याचं साधं वळं) किंवा नाणं अजिबात घेऊ नका. त्याला घडणावळ नाममात्र पडते आणि ते कुठल्याही लग्नात मिरवता येत नाही. दागिनाच घ्या. ‘गुंतवणूक पण होते आणि वापरायला पण होतं’ हे वाक्य पाठ करून ठेवा, दुकानात पायऱ्या चढताना ते कामी येतं.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा, शुद्ध सोन्याचा भाव तोळ्याला एक लाख धरला. दागिना २२ कॅरटचा, म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध. एका तोळ्याच्या दागिन्यात सोनं झालं साधारण ९२ हजारांचं. घडणावळ १५ टक्के, म्हणजे पावणेचौदा हजारांच्या वर. सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. बिल होतं जवळजवळ १ लाख ९ हजारांचं. दुसऱ्या दिवशी तोच दागिना मोडायला नेला तर सराफ फार तर ते ९२ हजार मोजेल, त्यातही घट (वितळवताना कमी भरणारं सोनं) धरेल ती वेगळी. थोडक्यात, सोन्याचा भाव सुमारे १८ टक्के वाढला की तुम्ही निघालात तिथे परत पोहोचलात. हीच रक्कम म्युच्युअल फंडवाल्याने पहिल्या दिवशी कापली असती तर तुम्ही ग्राहक मंचात गेला असता. सराफाला मात्र आपण लग्नाची पत्रिका द्यायला जातो.

दागिन्यातही खडे, मीना आणि आत लाख (राळेसारखा चिकट पदार्थ) भरलेले प्रकार निवडा. कोल्हापुरी साज, बोरमाळ. घेताना आत लाख किती हे विचारणं बरं दिसत नाही. मोडताना सराफ ते आपण होऊन सांगतो.

कागदी सोन्याच्या भानगडीत पडू नका. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने सोन्याच्या भावाशी बांधलेले सुवर्णरोखे काढले, ग्रॅमला २,६८४ रुपये. घडणावळ नाही, लॉकर नाही, चोर नाही, आणि वर दरसाल अडीच टक्क्यांहून थोडं जास्तच व्याज. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच ग्रॅमचे ६,१३२ रुपये परत मिळाले, तेही नफ्यावर कर न लागता. किती हा बेरसिकपणा! रोखा गळ्यात घालून हळदीकुंकवाला जाता येतं का? तरीही काही लोकांनी ते घेतलेच. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवे रोखे काढणं थांबवलं. या व्यवहारात लोकांचा फायदा होतोय हे अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं.

‘सोनं कधी पडत नाही’ असं घरातले वडीलधारे सांगतात, त्यावर विश्वास ठेवा. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं आणि तो भाव पुन्हा दिसायला २००८ चा जानेवारी उजाडला. मधली अठ्ठावीस वर्षं आपल्याकडे कुणाच्या लक्षात आली नाहीत, कारण तेवढ्या काळात डॉलर आठ रुपयांवरून चाळीसच्या घरात गेला होता. पडझड रुपयाची झाली, पाठ मात्र सोन्याची थोपटली गेली. असा मदतनीस घरबसल्या मिळत असेल तर अभ्यास कशाला करायचा?

चांदीबद्दल थोडक्यात. चांदी गरिबांचं सोनं आहे असं म्हणतात, त्यामुळे ती घ्यायला छातीही गरिबाचीच लागते, म्हणजे पर्याय नसलेली. एप्रिल २०११ मध्ये किलोला सत्तर हजारांवर गेली तेव्हा ज्यांनी ताटं-वाट्या घेतल्या, त्यांना तो भाव पुन्हा बघायला २०२० साल उजाडलं. नऊ वर्षं त्यांनी ती भांडी पुसली. तुम्हीही निरांजनं, अत्तरदाणी, अगदी श्रीखंडाची वाटीसुद्धा घ्या. ‘टंच (म्हणजे शुद्धता) किती?’ असं कुणी विचारलं तर ‘ओळखीचा सराफ आहे’ एवढं सांगा.

खरेदी झाली की थेट लॉकर. लॉकर असला की झोप कशी शांत लागते! चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्या माणसानेच हात मारला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावाने त्यात तीन तोळेही येत नाहीत. लॉकरात वीस तोळे असतील तर बाकीच्या सतरा तोळ्यांची काळजी बँकेने का करावी? आत काय आहे हे तिला तुम्ही सांगितलेलंच नाही.

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कोरडवाहू गावातली बाई पेरणीच्या तोंडावर डोरलं पतसंस्थेत ठेवते आणि माल विकला गेला की सोडवून आणते, तिचं मात्र ऐकू नका. तिच्या घरात सोनं खरोखर राबतं. ती त्याला गुंतवणूक वगैरे म्हणत नाही, त्यामुळे तिच्याकडून शिकण्यासारखं काही नाही.

राहिला प्रश्न नफ्याचा. नफा मोजायचा, घ्यायचा नाही. रोज सकाळी भाव बघून वजनाने गुणायचं आणि जेवताना बायकोला आकडा सांगायचा. मुलाला फ्लॅटसाठी पंधरा लाख कमी पडत असतील तर त्याला बँकेचं कर्ज काढायला लावा, वीस वर्षांच्या हप्त्यांचं. सोनं मोडायचा विषय त्याने काढला तर ‘लक्ष्मी आहे ती’ म्हणा. फारच नड आली तर गोल्ड लोन घ्या, म्हणजे स्वतःच्याच गुंतवणुकीवर व्याज भरल्याचं समाधान मिळेल. त्याला सांगा, ते तुझ्या बायकोसाठी ठेवलंय. सून आली की तिला सांगा, ते नातीसाठी आहे.

नात मोठी होईल. तिला ते डिझाइन आवडणार नाही, जड वाटेल, ‘आजीसारखं’ दिसेल. मग सगळे मिळून त्याच दुकानात जा. जुनं वितळवून नवं करायचं, म्हणजे घट पुन्हा, घडणावळ पुन्हा आणि जीएसटीचं काय ते दुकानदार समजावून सांगेल. तोवर तिथे सराफाचा नातू बसलेला असेल. तो खुर्च्या पुढे सरकवेल आणि सगळ्यांसाठी थंड मागवेल. निःसंकोच घ्या, त्याचे पैसे तो वेगळे लावत नाही.