खुलासा : भूगोल, मानवशास्त्र आणि यूपीएससीचा वैकल्पिक विषय

‘पदवीला भूगोल किंवा मानवशास्त्र नसेल तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तो विषय घेता येत नाही’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी असली तरी आयोगाच्या यादीतला कुठलाही वैकल्पिक विषय निवडता येतो, आणि हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. डॉक्टर झालेली कितीतरी मुलं मानवशास्त्र घेतात; पहिल्या पेपरात उत्क्रांती आणि आनुवंशिकी येते, ती त्यांना परकी वाटत नाही.

मात्र एवढ्याच हिशेबाने पदवीच्या अभ्यासाला कमी लेखू नका. भूगोलात १:५०,००० च्या भूपत्रकावर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशावर, एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटीने आल्या की तिथे चढ तीव्र, हे नकाशावर पेन्सिल फिरवून शिकावं लागतं. मानवशास्त्राचंही तसंच, तिथे गावात राहून क्षेत्रकार्य करावं लागतं. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत, पण त्यांचं बरंचसं संशोधन लोकांमध्ये फिरूनच झालं.

ज्यांनी या मजकुरामुळे विषय बदलायचं ठरवलंय, त्यांनी आधी आयोगाची अधिसूचना वाचावी.