विक्रमला रिमोट नव्हता

'विक्रम लँडर बंगळुरूहून रिमोटने उतरवला, यंत्राला कुठे अक्कल असते?' हा चांद्रयान-३ बद्दलचा फॉरवर्ड ऑगस्ट आला की पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाच्याच्या राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या भाषणात जसाच्या तसा उतरलाय. आता मात्र गप्प बसवत नाही.

रिमोटचं आधी बघू. चंद्रापर्यंत सिग्नल जायला साधारण सव्वा सेकंद लागतो आणि परत यायला तेवढाच. उतरायला सुरुवात केली तेव्हा विक्रमचा वेग होता सेकंदाला १.६८ किलोमीटर. पडद्यावर बघून बटण दाबेपर्यंत यान चार किलोमीटर पुढे गेलेलं असतं. २३ ऑगस्ट २०२३ ला इस्रोनेच जाहीर केलं होतं की उतरण्याचा क्रम स्वयंचलित आहे, खालची टीम फक्त एकेक टप्पा पार पडतोय ना, याची खात्री करत राहील.

खरा संताप येतो तो पुढच्या वाक्याचा: 'चांद्रयान-२ कोसळलं कारण ऑपरेटरने बटण उशिरा दाबलं.' कोण ऑपरेटर? कसलं बटण? जुलै २०२३ मध्ये इस्रोचे अध्यक्ष असलेल्या एस. सोमनाथ यांनी तेव्हाच कारणं उघडपणे सांगितली आहेत. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे चुका साठत गेल्या. त्या निस्तरायला यानाला झपाट्याने वळायचं होतं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातलेली. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटर, तिथे पोचायच्या धडपडीत वेग आणखी वाढला. पुढच्या वेळी, म्हणजे चांद्रयान-३ ला, ही जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली आणि वळण्याची मर्यादाही वाढवली. ज्यांनी राबून हे दुरुस्त केलं, त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी माथी तुम्ही दोष मारताय.

'कॅमेरे नुसते फोटोसाठी' हेही खोटं. अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने बनवलेल्या एका कॅमेऱ्याचं कामच शेवटच्या टप्प्यात खालचे दगड-खड्डे हेरण्याचं होतं. उंची आणि वेग मोजणारे सेन्सर वेगळे.

'प्रज्ञानही इथूनच चालवला' हे, म्हणजे विक्रममधून चंद्रावर उतरलेल्या छोट्या गाडीबद्दलचं वाक्य, मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, मान्य करावं लागेल. २७ ऑगस्टला समोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा मागे फिरायचा आदेश पृथ्वीवरूनच गेला. पण प्रज्ञान सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा. त्याला थांबवून विचार करायला वेळ होता.