‘लाइन’ म्हणजे फक्त रेषा? जवस आणि लाइनदोरीला विचारा

गावोगावच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ‘लाइन’ या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ रेषा. ‘लाइन गेली’ हे अडाण्यांचं इंग्रजी. इंग्रजीत एका शब्दाला एकच अर्थ, म्हणून रोज दहा शब्द अर्थासह पाठ करा. हा मजकूर दाखवून शाळेतल्या पोरांना हिणवलं जातं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘खरा अर्थ रेषा’. नाही. शब्दाचं मूळ लॅटिन ‘लिनम’, म्हणजे आपलं जवस. जवसाच्या ताटातून निघणाऱ्या धाग्याला ‘लिनिआ’ म्हणत. तो धागा ताणला की सरळ दिसतो, त्यावरून रेषा हा अर्थ आला. लिनन हे कापड आणि लिनसीड हे बीही त्याच घरातले शब्द. नागपूर-चंद्रपूरकडे रब्बीत निळ्या फुलांवर येणारं जवस आपण तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो. धाग्याचे वाण वेगळे, उंच आणि कमी फांद्यांचे. गवंडी विटांचा थर धरताना ताणतो ती लाइनदोरी म्हणजे या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आजही कामावर आहे. इंग्रजीतही कपडे वाळवायची दोरी आणि गळाची दोरी ‘लाइन’च आहे.

शेततळ्याचं लाइनिंग घ्या. ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद खड्ड्यात अंथरतात, त्यात रेषा कुठेच नाही. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, त्यावरून ‘लाइन’ म्हणजे अस्तर लावणे हे क्रियापद झालं. इंजिनातला लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, तोही त्यातलाच.

‘लाइन गेली हे चुकीचं’. वीजकामात लाइन हा नेमका तांत्रिक शब्द आहे. थ्री फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांच्या जोडणीत, कोणत्याही दोन फेजमधल्या दाबाला लाइन व्होल्टेज म्हणतात. तो ४०० व्होल्टच्या आसपास असतो, तर फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमधला २३०. विहिरीवरची मोठी मोटर तिन्ही फेजवर चालते. एक फेज उडाला असताना स्टार्टर दाबला तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि वेळेत बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. घरातला बल्ब एकाच फेजवर चालतो, म्हणून अशा वेळी तो मात्र लागलेला असू शकतो. म्हणून ‘लाइन आली काय?’ या प्रश्नाला शेतकऱ्याच्या तोंडी मोठा अर्थ आहे. तारेवरून तारेतल्या विजेवर शब्द सरकला, आणि मराठीत येताच तो स्त्रीलिंगी होऊन ‘आली-गेली’ करू लागला. तो आता मराठी शब्द आहे. एक गोष्ट मात्र पोरांना सांगायलाच हवी: इंग्रजी पेपरात वीज गेली असं लिहायचं असेल तर तिथे ‘पॉवर’ लिहा, ‘लाइन’ नको.

रांगेला लाइन म्हणण्याबद्दलही नाकं मुरडतात. इंग्लंडात ‘क्यू’ म्हणतात, अमेरिकेत सरळ ‘लाइन’. प्रश्न मिटला.

‘एक शब्द, एक अर्थ’ हा सगळ्यात महाग पडणारा दावा. ठिबकच्या दुकानात ‘इनलाइन’ आणि ‘ऑनलाइन’ असे दोन प्रकार मिळतात, आणि यातल्या ऑनलाइनचा मोबाइलशी काही संबंध नाही. इनलाइनमध्ये ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, नळीच्या आतच बसवलेले असतात, ठरावीक अंतरावर. कपाशीला बहुधा १६ मिमी नळी वापरतात. ऑनलाइनमध्ये कोऱ्या नळीला भोक पाडून ड्रिपर वरून खोचतात, ताशी ४ किंवा ८ लिटरचा. सहा-सहा मीटरवर लावलेल्या संत्र्याच्या बागेत एकच इनलाइन नळी टाकली तर बरंचसं पाणी दोन झाडांमधल्या रिकाम्या जागेत जातं. ऑनलाइन घेतलं तर ड्रिपर घेराच्या कडेला लावता येतात आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवता येतात. खोडाजवळ ठेवू नका, ओल्या बुंध्याला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. ‘इन’ आणि ‘ऑन’ एवढाच फरक, पण बागेचं पाणी त्यावर ठरतं.

पाठ करायचंच तर एकटा शब्द करू नका, सोबतचे शब्द धरून अख्खा तुकडा लिहा. ‘होल्ड द लाइन’ म्हणजे फोन ठेवू नका. ‘ड्रॉप मी अ लाइन’ म्हणजे दोन ओळी लिहून कळवा. ‘सिव्हिल लाइन्स’ म्हणजे इंग्रजी अमलात अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती, जशी नागपुरात आहे. आणि मोबाइलवर अर्ज भरताना ‘अ‍ॅड्रेस लाइन १’, ‘अ‍ॅड्रेस लाइन २’ दिसलं तर त्या पत्त्याच्या दोन ओळी आहेत: पहिलीत घर क्रमांक आणि वॉर्ड, दुसरीत गाव आणि पोस्ट. सगळा पत्ता पहिलीतच कोंबला तर अक्षरमर्यादेमुळे शेवटचा भाग, कधी गावाचं नावच, कापला जाऊ शकतो.